युरोपला थेट फायनल : इंटरकॉन्टिनेंटल कपचा हा कुठला न्याय?

डावा विंगर (धागाकर्ता)

१७ डिसेंबर २०२५ची रात्र. कतारमध्ये इंटरकॉन्टिनेंटल कपची फायनल : युरोपचा विजेता पॅरिस सेंट-जर्मेन विरुद्ध दक्षिण अमेरिकेचा विजेता, ब्राझीलचा फ्लॅमेंगो. नव्वद मिनिटांना १-१, जादा वेळेतही १-१, मग पेनल्टी. पॅरिसचा गोलकीपर साफोनोव्हने चार पेनल्टी अडवल्या आणि पॅरिसने शूटआउट २-१ असा जिंकला. मध्यरात्र उलटून गेली होती, सकाळी ऑफिस होतं, तरी झोप येईना. मी काही फ्लॅमेंगोवाला नाही, त्यामुळे हरल्याचं दुःख नव्हतं. डोक्यात वेगळंच घोळत होतं.

फ्लॅमेंगो १० तारखेला मेक्सिकोच्या क्रूझ अझुलशी खेळले, २-१ जिंकले. १३ला इजिप्तच्या पिरॅमिड्सशी खेळले, २-० जिंकले. १७ला फायनल. आठ दिवसांत तीन सामने. पॅरिस मात्र आले ते थेट फायनललाच.

ज्यांनी ही स्पर्धा बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सहा खंडांचे सहा क्लब विजेते. ओशनियाचा विजेता (बहुतेक वेळा न्यूझीलंडचा ऑकलंड सिटी, ज्यांचे खेळाडू दिवसा नोकऱ्या करतात) अगदी तळाच्या पायरीवर. त्याची गाठ आशिया किंवा आफ्रिकेच्या विजेत्याशी; २०२४मध्ये आशिया होता, २०२५मध्ये आफ्रिका. त्यातला विजेता उरलेल्या खंडाशी खेळणार. दुसऱ्या बाजूला दक्षिण अमेरिका विरुद्ध उत्तर-मध्य अमेरिका. मग या दोन बाजूंचे विजेते एकमेकांशी. एवढं सगळं होऊन जो उरेल त्याला युरोपशी खेळायचा मान. म्हणजे कप उचलायला ऑकलंडला चार सामने जिंकावे लागतात, फ्लॅमेंगोला तीन आणि पॅरिसला एक. तो एकही पॅरिसने पेनल्टीवर कसाबसा काढला.

लग्नात नवरदेव थेट बोहल्यावर येतो हे मान्य, पण इथे नवरदेव कोण हे ठरायचं असतं ना?

२००५ ते २०२३ या काळात (तेव्हा नाव होतं क्लब वर्ल्ड कप) निदान युरोप आणि दक्षिण अमेरिका दोघेही उपांत्य फेरीपासून खेळायचे. त्याआधी १९६०पासून हा कप दोघांचा बरोबरीचा होता. पहिल्या वर्षी रेआल माद्रिद आणि उरुग्वेचा पेनयारोल : माँटेव्हिडिओत ०-०, माद्रिदमध्ये ५-१. एक सामना तुमच्या घरी, एक आमच्या घरी. ज्यांनी मिळून दुकान काढलं त्यातला एक भागीदार आता गल्ल्यावर बसलाय आणि दुसरा गिऱ्हाइकांच्या रांगेत उभा आहे.

माझं म्हणणं एवढंच : युरोपच्या विजेत्याने किमान उपांत्य फेरी खेळावी. बोला.

एक्सेल शीट

असहमत. भावना बाजूला ठेवू आणि आकडे बघू.

२००५ ते २०२३, एकूण १९ स्पर्धा, युरोपचा संघ उपांत्य फेरीपासून. १९पैकी किती वेळा युरोप उपांत्य फेरीत हरला? शून्य. एकदाही नाही. आता तुमचे 'बरोबरीचे भागीदार' बघा. २०१०मध्ये इंटरनासिओनाल काँगोच्या माझेम्बेकडून हरले. २०१३मध्ये अॅटलेटिको मिनेरो राजा कासाब्लांकाकडून. २०१६मध्ये कोलंबियाचा अॅटलेटिको नासिओनाल जपानच्या काशिमाकडून, तेही ३-०. २०१८मध्ये रिव्हर प्लेट अल ऐनकडून पेनल्टीवर. २०२०च्या स्पर्धेत पालमेइरास मेक्सिकोच्या टायग्रेसकडून. २०२२च्या स्पर्धेत खुद्द फ्लॅमेंगो सौदीच्या अल हिलालकडून ३-२. सहा वेळा.

मग दक्षिण अमेरिकेला खालच्या पायरीवर उतरवलं यात अन्याय कसला? शाळेत सुद्धा तुकडी मार्कांवरच ठरते. आणि युरोपची उपांत्य फेरी म्हणजे निकाल आधीच माहीत असलेला सामना. तो वगळला तर वेळ वाचतो.

२००० साली ब्राझीलमध्ये झालेली स्पर्धा धरून २०पैकी १६ वेळा युरोप जिंकलाय. उरलेले चार : कोरिंथियन्स दोनदा, साओ पाउलो आणि इंटरनासिओनाल एकेकदा. शेवटचा विजय २०१२चा, कोरिंथियन्स १, चेल्सी ०. यापुढे काय बोलणार?

डावा विंगर

> निकाल आधीच माहीत असलेला सामना

माहीत आहे तर खेळायला काय जातं? एकोणीसपैकी एकोणीस वेळा जिंकणाऱ्याला विसाव्या वेळी खेळायचं नाही, हे मला तरी जरा संशयास्पद वाटतं. :)

एक्सेल शीट

संशयास्पद काही नाही, कॅलेंडर आहे. पॅरिसने १३ जुलै २०२५ला अमेरिकेत ३२ संघांच्या नव्या क्लब वर्ल्ड कपची फायनल खेळली. १३ ऑगस्टला युएफा सुपर कप. मध्ये बरोबर एक महिना, त्यातच सुट्टी आणि त्यातच सराव. पुढे लीग, चॅम्पियन्स लीगचे आठ साखळी सामने, राष्ट्रीय संघांच्या तारखा. डिसेंबर म्हणजे युरोपात ऐन हंगामाची मधली वेळ. खेळाडूंची संघटना वर्षानुवर्षं ओरडतेय की सामने कमी करा, आणि आपण इथे गादीवर लोळत म्हणतोय अजून एक खेळा.

डावा विंगर

अहो, त्याच क्लब वर्ल्ड कपला फ्लॅमेंगोही होते! साखळीत चेल्सीला ३-१ हरवलं, पुढच्या फेरीत बायर्नकडून हरले. परत येऊन ब्राझीलची ३८ सामन्यांची लीग आणि लिबर्टाडोरेस (दक्षिण अमेरिकेची चॅम्पियन्स लीगच म्हणा). लिबर्टाडोरेसची फायनल २९ नोव्हेंबरला लिमामध्ये, पालमेइरासविरुद्ध. त्यानंतर लीगचं विजेतेपद आणि १० डिसेंबरला कतार. यांचा हंगाम जानेवारीत राज्य पातळीच्या स्पर्धेने सुरू होतो. दमणूकच मोजायची तर बाय (न खेळता थेट पुढे) फ्लॅमेंगोला मिळायला हवा होता.

२०२४मध्ये ब्राझीलच्याच बोटाफोगोचं काय झालं आठवतंय? ३० नोव्हेंबरला बुएनोस आयरेसमध्ये लिबर्टाडोरेस जिंकले, ८ डिसेंबरला ब्राझीलची लीग जिंकले, विमानात बसले आणि ११ डिसेंबरला दोह्यात मेक्सिकोच्या पाचुकाविरुद्ध मैदानात. ०-३. पाय उचलत नव्हते कुणाचे.

लुसेलचा प्रवासी

मी दोह्यात राहतो, २०२४ची ती मॅच स्टेडियम ९७४मध्ये बघितली (कंटेनर रचून बांधलेलं ते). बोटाफोगोची पहिली वीसेक मिनिटं बरी होती. मग मात्र पूर्ण फरफट. माझ्या शेजारी एक ब्राझिलियन काका होते, ते शेवटी मॅच बघायचं सोडून फोनवर लीग जिंकल्याचे व्हिडिओ बघत बसले. त्यांच्यासाठी वर्षाचं सोनं आधीच लुटून झालं होतं.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. त्या वर्षीची खरी मॅच फायनल नव्हतीच. फायनलमध्ये रेआल माद्रिदने पाचुकाला ३-० हरवलं. एमबाप्पे, रॉड्रिगो, व्हिनिसियस, झालं. ठरल्यासारखं. लोक फोटो काढायला आले होते. त्याच्या चार दिवस आधी पाचुका विरुद्ध इजिप्तचा अल अहली, तिला म्हणतात मॅच. कतारमध्ये इजिप्शियन लोक भरपूर आहेत आणि त्या दिवशी सगळेच्या सगळे आले असावेत असा आवाज होता. ०-०, मग पेनल्टी ६-५, पाचुका पुढे. एकही गोल नाही, पण मी जागेवर बसलो नाही.

म्हणून मला युरोपला खाली आणण्यात रस नाही. ते शेवटीच येतात म्हणून बाकीच्यांना निदान आपापसात खेळायला मिळतं. युरोप उपांत्य फेरीत आला असता तर अल अहली विरुद्ध पाचुका ही मॅच झालीच नसती.

डावा विंगर

हा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता. विचार करतो.

जुना टीव्ही

धागाकर्त्यांनी १९६०ची गोड आठवण सांगितली. एक सामना तुमच्या घरी, एक आमच्या घरी. ऐकायला छान वाटतं. त्या घरी काय व्हायचं ते पण सांगा की.

१९६७. ग्लासगोचा सेल्टिक विरुद्ध अर्जेंटिनाचा रेसिंग. ब्युनोस आयरेसला सामना सुरू व्हायच्या आधीच सेल्टिकचा गोलकीपर सिम्पसन प्रेक्षकांतून आलेली वस्तू डोक्याला लागून जायबंदी. दोघांचा एकेक विजय झाला म्हणून तिसरा सामना माँटेव्हिडिओत. तिथे सहा जणांना रेफरीने बाहेर काढलं, त्यातला एक गेलाच नाही, तसाच खेळत राहिला. रेसिंग १-० जिंकले. कार्देनासचा गोल फार सुंदर होता, पण लक्षात राहिली ती मारामारी.

१९६९. एसी मिलान विरुद्ध अर्जेंटिनाचा एस्तुदियांतेस. मिलानने घरी ३-० जिंकलेलं. परतीच्या सामन्यात बोम्बोनेरा मैदानावर काँबिन नावाच्या मिलानच्या खेळाडूचं तोंड फोडलं आणि वर त्यालाच पोलिसांनी पकडलं, का तर तो जन्माने अर्जेंटिनाचा, लष्करी नोकरी चुकवली म्हणून! इतकी लाज गेली की अर्जेंटिनाच्या लष्करी सरकारने स्वतःच्याच तीन खेळाडूंना तुरुंगात टाकलं. १९७०ला त्याच एस्तुदियांतेसशी खेळताना फेयेनूर्डच्या व्हान डालेचा चष्मा फुटला. हो, चष्मा लावून खेळायचा तो.

मग युरोपवाले म्हणाले, ठेवा तुमचा कप. १९७१ला आयॅक्सने नकार दिला, पनाथिनाइकोस गेले. १९७३ला आयॅक्सचा पुन्हा नकार, युव्हेंटस गेले. १९७४ला बायर्न नको म्हणाले, उपविजेते अॅटलेटिको माद्रिद गेले आणि जिंकूनही आले. १९७७ला लिव्हरपूल, १९७९ला नॉटिंगहॅम फॉरेस्ट, दोघांचाही नकार. १९७५ आणि १९७८ला तर स्पर्धाच झाली नाही.

वाचवलं कोणी? जपानने. टोयोटाने पैसे घातले, टोकियोत एकच सामना, त्रयस्थ मैदान, संपला विषय. पहिल्या सामन्यात उरुग्वेच्या नासिओनालने नॉटिंगहॅम फॉरेस्टला १-० हरवलं. १९८१ला झिकोच्या फ्लॅमेंगोने लिव्हरपूलचा ३-० धुव्वा उडवला. २००४पर्यंत हे असंच चाललं.

सांगायचा मुद्दा, युरोपला बोलवायचं तर त्यांच्या सोयीने बोलवावं लागतं. ते आलेच नाहीत तर कपाला कोण विचारतं? आज फिफाने थेट फायनल दिली ती मानापमानासाठी नाही. पाहुणा नाही म्हणू नये म्हणून.

अर्धी वेळ

जुना टीव्ही काकांनी (काकाच आहात ना? हलके घ्या) इतिहास मस्त सांगितला, पण १९७१च्या नकाराला फक्त मारामारी कारणीभूत नव्हती, पैसाही होता. लांबचा प्रवास, तारखा, मिळकत तुटपुंजी. आणि एक खटकलं : पाहुणा येत नाही म्हणून त्याला पाटावर बसवायचं आणि घरच्यांना चार पंगती वाढायला लावायच्या?

एक्सेल शीट यांच्या आकड्यांबद्दल. तुम्ही बरोबर २००५पासून मोजायला सुरुवात केलीत. जरा मागे या. १९६० ते २००४चा हिशोब : दक्षिण अमेरिका २२, युरोप २१. यातले १९९५पर्यंतचे ३४ कप घ्या : दक्षिण अमेरिका २०, युरोप १४. १९९६पासून पुढचे नऊ : युरोप ७, दक्षिण अमेरिका २, आणि ते दोन्ही बोका ज्युनियर्सचे.

१९९५ला काय झालं? १५ डिसेंबर १९९५, बॉसमन निकाल. बेल्जियमच्या एका साध्या खेळाडूने कोर्टात लढून करार संपल्यावर फुकट दुसऱ्या क्लबात जायचा हक्क मिळवला आणि युरोपीय संघातल्या खेळाडूंवरची परदेशी म्हणून असलेली मर्यादा उडाली. खेळाडूंसाठी चांगलंच झालं, माझी तक्रार नाही. पण इटालियन क्लबात डच, फ्रेंच परदेशी म्हणून मोजले जाईनात, तेव्हा परदेशींच्या राखीव जागा ब्राझील-अर्जेंटिनासाठी मोकळ्या झाल्या. वर कुणाचे आजोबा इटलीचे, कुणाची आजी स्पेनची, पासपोर्ट तयार. तिथून पुढे साओ पाउलोचा चांगला पोरगा साओ पाउलोत टिकलाच नाही. हाच साओ पाउलो १९९२ला राइच्या दोन गोलांवर बार्सिलोनाला आणि १९९३ला मिलानला हरवून आला होता.

ताजं उदाहरण. जुलै २०२५, क्लब वर्ल्ड कपची उपांत्य फेरी. चेल्सी २, ब्राझीलचा फ्लुमिनेन्से ०. दोन्ही गोल जुआव पेद्रोचे. कुठे वाढला तो? फ्लुमिनेन्सेच्या अकादमीत. स्पर्धा चालू असताना चेल्सीने त्याला विकत घेतला आणि आठवड्याभरात त्याने आपल्याच घराचं दार बंद केलं. गोल केल्यावर आनंद साजरा केला नाही बिचाऱ्याने, हात जोडले.

तेव्हा मार्कांवर तुकडी ठरते हे ठीक. पण वर्गातल्या एका मुलाची पुस्तकं दरवर्षी दुसरा मुलगा विकत घेऊन जात असेल तर त्या मार्कांचं काय करायचं?

एक्सेल शीट

पुस्तकं विकत घेतो, चोरत नाही. पैसे मोजतो. त्या पैशावरच फ्लुमिनेन्सेची अकादमी चालते.

आकडे मान्य. पण त्यांनी माझंच म्हणणं पक्कं होतं : तफावत आहे, कारण काहीही असो. स्पर्धेची रचना कारणांवर नाही, ताकदीवर करतात.

अर्धी वेळ

ताकदीवरच करायची तर मग पिरॅमिड्स आणि फ्लॅमेंगोला एकच दार का? फ्लॅमेंगोला पण एक पायरी सूट द्या. ताकद फक्त युरोपचीच मोजायची हे कुठलं गणित?

रस्सा मंडळ

कोल्हापूरकर आलाय, सरका जरा.

भावांनो तुम्ही उगं डोकं फोडताय. आमच्याकडं जत्रंच्या मैदानात एक नंबरची कुस्ती असते. ती कमिटी ठरवते. पोस्टरवर दोघांचे मोठे फोटो, बक्षीस जाहीर. बाकीच्या जोडी सकाळपासनं लागतात, पोरं मातीत लोळतात, आणि अंधार पडायच्या टायमाला मोठे पैलवान हलगीच्या तालावर येतात. कोण म्हणतंय का की याला पण दुपारी दोन कुस्त्या करायला लावा? नाही. कारण गर्दी त्याच्यासाठी आलीय. फिफाची कमिटी तेच करतीय. पॅरिस म्हणजे एक नंबरची कुस्ती.

आता दुसरं ऐका. त्या मैदानात जिंकला म्हणून कोण महाराष्ट्र केसरी होत नाही. केसरीला गादीवाला गादीवरच्या सगळ्या फेऱ्या मारून येतो, मातीवाला मातीवरच्या. मग दोघांची गाठ, मग गदा. तिथं कुणाला थेट फायनल दिली असती तर पेटवलं असतं स्टेडियम.

तवा फिफानं आधी सांगावं हे मैदान हाय का केसरी. मैदान असंल तर पॅरिसनं खुशाल शेवटी यावं, इनाम घ्यावं, जावं. पण गदा खांद्यावर टाकून जगज्जेते म्हणून मिरवायचं असंल तर मातीत उतरा की. दोन्ही कसं चालंल?

आमच्या शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचेसना असलं काय केलं असतं तर कमिटीला घरी जायला रस्ता राहिला नसता, हे वेगळं.

डावा विंगर

मला चार परिच्छेदांत जमलं नाही ते यांनी दोन कुस्त्यांत सांगितलं. _/\_

जुना टीव्ही

कुस्तीचा दाखला आवडला. पण एक खोच. १९८० ते २००४ टोकियो-योकोहामात हे मैदानच होतं, दोघेही थेट एक नंबरची कुस्ती. तरी २०१७मध्ये फिफाने त्या सगळ्या जुन्या विजेत्यांना जगज्जेते म्हणून मान्यता दिली. १९६२च्या सांतोसला पण. तेव्हा आशिया-आफ्रिकेला तर दाराबाहेरच ठेवलं होतं. मग पेलेने लिस्बनमध्ये बेनफिकाला तीन गोल मारून ५-२ जिंकलं ते पण खोटंच म्हणायचं का?

रस्सा मंडळ

पेलेला मधी आणू नका काका. हे फाऊल हाय.

फातोर्डा पूर्व स्टँड

गोव्यातून लिहितोय. तुमची युरोप-ब्राझील भांडणं वाचून मजा येते, आमचा प्रश्न त्याच्या किती तरी खालचा.

२०२१ला एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब झाला. सामने इथेच, फातोर्ड्याला. कोविडमुळे स्टँड रिकामे, आम्ही घरी टीव्हीसमोर. अल रय्यानशी ०-०, अल वहदाशी ०-०. ते दोन शून्य आम्ही सणासारखे साजरे केले. मग पर्सेपोलिसशी आधी आपणच गोल केला, एदू बेदियाने, आणि २-१ने हरलो. ऑक्टोबर २०२५ला चॅम्पियन्स लीग टूमध्ये (आशियाची दुसऱ्या पायरीची स्पर्धा) रोनाल्डोचा सौदी क्लब अल नासर आला. रोनाल्डो आला नाही (महिनाभर गावात दुसरा विषय नव्हता, शेवटी नाहीच आला). तरी मैदानावर गेलो. २-१ हरलो, पण आपला ब्रायसन फर्नांडिसने गोल केला तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाने मला उचलून घेतलं.

हे का सांगतोय? कारण अल नासर अजून एकदाही आशियाचा विजेता नाही. तो आम्हाला जड जातो. त्याच्या वर आशियाचा विजेता, २०२५ला तो होता अल अहली, सौदीचा. त्याला पिरॅमिड्सने जेद्दात त्याच्याच घरी ३-१ हरवलं, मायेलेची हॅट्ट्रिक. त्या पिरॅमिड्सला फ्लॅमेंगोने. त्या फ्लॅमेंगोला पॅरिसने. एवढा लांब जिना आहे. वरच्या माणसाने तीन पायऱ्या उड्या मारून गाठल्या की लिफ्टने गेला, आम्हाला खालून दिसतच नाही.

पण जिना आहे हे बरं आहे. आधीच्या काळात तो पण नव्हता.

बेलापूर लोकल

> आम्हाला खालून दिसतच नाही

मला दिसलं होतं एकदा! ६ नोव्हेंबर २०२३, डी. वाय. पाटील स्टेडियम, मुंबई सिटी विरुद्ध अल हिलाल. बाकीचे घरचे सामने पुण्यात बालेवाडीला झाले, हा तेवढा नवी मुंबईत, नेमारसाठी. नेमार तीन आठवडे आधी गुडघा घेऊन बसला. तरी आम्ही गेलो. हरलो २-०. (रियाधला ६-० हरलो होतो, त्यामुळे २-० म्हणजे सुधारणाच. गटात सहाच्या सहा हरलो, पुढचं विचारू नका.)

मग दीड वर्षाने, ऑर्लँडोमध्ये, त्याच अल हिलालने मँचेस्टर सिटीला जादा वेळेत ४-३ हरवलं. मी पहाटे उठून बघितली ती मॅच आणि बायकोला उठवून सांगितलं की यांच्याशी आपण फक्त दोननेच हरलो होतो. तिने उशी फेकून मारली.

एक्सेल शीट, तुमच्या 'शून्य' आकड्याला हे उत्तर आहे. युरोपचा विजेता उपांत्य फेरीत कधीच हरला नाही, खरं. पण त्याच २०२५च्या उन्हाळ्यात बोटाफोगोने पॅरिसला हरवलं, १-०, इगोर जेझुस. पॅरिस तेव्हा ताजे युरोप विजेते होते, नुकतीच इंटर मिलानवर ५-० फायनल मारून आलेले. फ्लुमिनेन्सेने त्याच इंटरला २-०. अल हिलालने सिटीला. एका सामन्यात काहीही होतं. म्हणून तो एक सामना कमी केला की केळीचं साल एक कमी. थकव्याची गोष्ट नंतरची.

सरळ बोलतो

आता ३२ संघांचा क्लब वर्ल्ड कप आहे, एक अब्ज डॉलरचं बक्षीस, चार वर्षांतून एकदा. हा डिसेंबरचा छोटा कप बंद करा, धागाही बंद करा.

अर्धी वेळ

त्या ३२मध्ये ऑस्ट्रियाचे साल्झबर्ग रँकिंगवर आले आणि इंग्लंडचे विजेते लिव्हरपूल घरी बसले, कारण खंडविजेत्यांचा अपवाद सोडला तर एका देशातून दोनच. इंटर मायामी यजमान म्हणून. ऑकलंड बायर्नकडून १०-० हरले, मग बोकाशी १-१ केलं. गोल मारणारा शिकाऊ शिक्षक होता, त्याच्यासाठी मी सगळा कप माफ करते. पण ती विजेत्यांची स्पर्धा नाही, आमंत्रितांची आहे. फक्त खंडविजेत्यांची अशी आता ही छोटीच उरलीय. म्हणून तर तिचे नियम सरळ हवेत.

आणि धागाकर्ते, तुमची मागणी काही आकाशातली नाही. महिलांच्या चॅम्पियन्स कपमध्ये फिफाने हेच केलंय. जानेवारी २०२६ला लंडनमध्ये उपांत्य फेरीत चौघी : आर्सेनल, अमेरिकेचं गोथम, कोरिंथियन्स आणि मोरोक्कोचं असफार. युरोपविजेत्या आर्सेनलला आधी असफारशी खेळावं लागलं, मगच फायनल, आणि तिथे कोरिंथियन्सने त्यांना जादा वेळेपर्यंत ताणलं. म्हणजे बायकांना दोन सामने जमतात, पुरुषांना एकच. :P

एक्सेल शीट

हे उदाहरण चांगलं आहे, मान्य करतो. पण बघा, स्पर्धा कुठे झाली? लंडनमध्ये. आर्सेनलला प्रवासच नव्हता, फायनल तर त्यांच्याच मैदानावर. पुरुषांची उपांत्य फेरी पॅरिसमध्ये ठेवायला तयार आहात का? मग फ्लॅमेंगोचे लोक रडतील.

डावा विंगर

नाही, पॅरिस नको. कतारच ठेवा, किंवा मोरोक्को, किंवा पूर्वीसारखं जपान. २०१२ला कोरिंथियन्सच्या मागे हजारो लोक योकोहामाला गेले होते, त्या स्टेडियममध्ये चेल्सी पाहुणी वाटत होती. तेवढं मला पुरे आहे.

लुसेलचा प्रवासी यांच्या मुद्द्यावर विचार केला. अल अहली विरुद्ध पाचुका गेली असती, खरं. पण तिच्या जागी अल अहली विरुद्ध रेआल माद्रिद झाली असती, दोह्यात, त्याच इजिप्शियन गर्दीसमोर. तुम्ही बसला असतात का जागेवर?

लुसेलचा प्रवासी

तिकीट मिळालं असतं तर. :)

एक्सेल शीट

शेवटचा प्रश्न, आणि याचं उत्तर तारखेत हवं, भावनेत नको. उपांत्य फेरी कुठल्या दिवशी? १४ डिसेंबर २०२४ला पाचुका-अल अहली झाली त्याच दिवशी रेआल माद्रिद लीगमध्ये रायो वायेकानोशी ३-३ करत होते. १३ डिसेंबर २०२५ला फ्लॅमेंगो-पिरॅमिड्स झाली त्याच दिवशी पॅरिस मेत्झला त्यांच्या गावी ३-२ हरवत होते.

डावा विंगर

मेत्झचा सामना जानेवारीत ढकला.

एक्सेल शीट

मेत्झवाल्यांना विचारलंत? वर्षातून एकदा पॅरिस येतं त्यांच्याकडे. शनिवारची तिकिटं काढून बसलेले असतात.

रस्सा मंडळ

आता मेत्झचा धागा वेगळा काढा.